साडीवर नसलेले डाग

ती घटना आजही आठवते, आणि आठवण करून देतो तो एक आवाज. जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल रस्त्यावरून किंचाळत गेली की माझा चहा अर्ध्यावर राहतो आणि मान नंबरप्लेटकडे वळते. नात म्हणते, "आजी, तू रिटायर झालीस."

तेव्हा मी पोलादपूरला उपनिरीक्षक होते. काळा गॉगल, इस्त्रीची कडक घडी, आणि आपण हजर झालो म्हणजे तालुक्यातले चोर गाव सोडणार अशी खात्री. चोरांना हे कुणी कळवलं नव्हतं.

कशेडीच्या पायथ्याशी एसटीची वाट बघणाऱ्या एका शिक्षिकेचं मंगळसूत्र मोटारसायकलवाल्याने ओढलं. बाई धीराच्या. त्यांनी गाडीचा मागचा दांडा धरला, पदर अडकून फाटला, आणि सायलेन्सरच्या मागोमाग त्या चांगल्या फरपटत गेल्या. त्यांना दिसलं ते फक्त हेल्मेट. त्यांची मोतिया रंगाची साडी आम्ही पंचनामा करून जप्त केली, गाठोड्याला सील लावलं.

त्या काळी चेन ओढली गेली की आम्ही एकाच कंपनीच्या टू-स्ट्रोक घराण्याची गाडी शोधायचो. त्या घराण्यात आधी दोन सिलिंडरची भारदस्त गाडी आली, पेट्रोल ढोसणारी. मग शंभर सीसीची हलकी, जिने घाटात आमच्या जीपला कायम धूर दाखवला. मग पाच गिअरची. मुंबईत नोकरीला लागलेला पोरगा गणपतीला ती घेऊन आला की अख्खी वाडी ओटीवर यायची. पोरांना त्या गाडीने पहिल्यांदा वेग दिला आणि आम्हाला आयता संशयित.

खबऱ्या म्हणाला, खोऱ्यात तशी गाडी एकाकडेच आहे. मुंबईहून परतलेला शेतकऱ्याचा मुलगा. त्याला उचलला. दिवसभर उलटसुलट विचारलं. तो एकच सांगत राहिला, "मॅडम, गाडी माझी हाय, चोरी माझी नाय."

घोळ असा की त्याची एसटीत चालक म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालाने तो कागद अलिबागला, जिल्ह्याच्या कार्यालयात जायचा होता. त्याची आई व्हरांड्यात बसून होती, पाणीसुद्धा घेत नव्हती. मी बाहेर आले तशी हळूच म्हणाली, "बाय, एका कागदावर आमचं घर हाय. लिवायच्या आदी येकदा बग."

मला बसवेना. काहीतरी करायचं म्हणून आवारात त्याची गाडी चालू करायला लावली आणि तपासाच्या ऐटीत बरोबर सायलेन्सरमागे उभी राहिले. त्याने रेस दिली. माझ्या खाकीवर गुडघ्यापर्यंत काळ्या तेलाचे शिंतोडे उडाले.

आमचे हवालदार भिंतीकडे तोंड करून हसले. "मॅडम, टू-स्ट्रोकच्या मागं कोन हुबं ऱ्हातं? ती पेट्रोलसंगं ऑईल जाळते. जळलं नाय ते थुकते."

मी रागावले, आणि रागावता रागावता थांबले. पंचांना बोलावलं, त्यांच्यासमोर गाठोड्याचं सील तोडलं. साडीवर चिखल होता, रक्त होतं. तेलाचा एक ठिपका नव्हता.

हा काही पुरावा नव्हे, पण शोधाची दिशा बदलली. तोवर बाजारात नव्या फोर-स्ट्रोक स्पोर्ट गाड्या आल्या होत्या, तितक्याच पळणाऱ्या, पण साफ श्वासाच्या. त्या आम्ही कधी अडवतच नव्हतो. त्या चांगल्या घरच्या वाटायच्या. त्याच रात्री महाडमध्ये तशी एक सापडली. मागच्या दांड्याच्या नटाला मोतिया धागा गुंडाळलेला होता. मालकाने दासगावला दडवलेलं मंगळसूत्र काढून दिलं.

पडताळणीच्या कागदावर मी 'प्रतिकूल काही नाही' असं लिहिलं. आई कागदाकडे बघतच नव्हती, माझ्या पॅंटवरच्या डागांकडे बघून म्हणाली, "राकेलान घास गो, जाईल."

डाग गेले नाहीत. पुढे धुराचे नियम कडक झाले, ते घराणं बंद पडलं. आता त्या गाड्या पोरं हौसेने शोधून चकाचक करतात. आवाज आला की मी अजून आधी नंबर बघते. मग स्वतःलाच सुनावते, बाई, आधी लुगडं बघ.