सात दिवसांचा आवाज

क्लचमास्तरांनी सत्तावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, आणि त्यातली पंचवीस वर्षं ओरडून शिकवली. "क्लच! अहो, क्लच!" ही त्यांची आरोळी दोन चौक पलीकडे ऐकू जायची. नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव परवान्यावर होतं, तेवढंच. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं म्हणत, की आजही गाडी सुरू केली की कानात मास्तरच ओरडतात.

मग घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ऑपरेशनची पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी सॉफ्टवेअरमधली, दोन तासांवरच्या शहरात. बातमी कळताच ती रजा काढून आली. ती म्हणाली, "बाबा, रडायला नंतर वेळ काढू. आधी बोलून घ्या." रोज संध्याकाळी उभ्या गाडीत बसून मास्तरांनी वाक्यं रेकॉर्ड केली. तीनशे बारा भरली. मुलीने त्यांचं ॲप बनवलं: मोठी मोठी बटणं, दाबलं की मास्तरांचा आवाज. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी फोन डॅशबोर्डवर बसवून मास्तर पुन्हा कामाला लागले.

पाटीवर लिहून दाखवायची सोय नव्हती, कारण शिकणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं की पाटीकडे? लिहिलेलं वाचून दाखवणारा फोनमधला आयता आवाजही त्यांनी एकदा वापरून पाहिला. 'कृपया ब्रेक दाबा' असं तो इतक्या निवांतपणे म्हणाला, की शिकणारा गडी खुशाल पुढेच गेला. तेव्हा स्वतःच्या आवाजाला पर्याय नव्हता.

इथवर सगळं सुरळीत. पण माशी शिंकली ती फोनमध्येच. फोन महागातला, आणि त्याची कंपनी भलती शिस्तीची. ॲप घ्यायचं तर तिच्याच दुकानातून घ्यायचं. घरी बनवून बाहेरून घातलेलं ॲप सात दिवस चालायचं. आठव्या दिवशी फोन पुन्हा मुलीच्या कॉम्प्युटरला जोडायचा, तेव्हा कुठे पुढचे सात दिवस मिळायचे. मुलीने ते ॲप दुकानात ठेवून घ्यावं म्हणून अर्जही केला. उत्तर आलं, की आपले ॲप फारच थोड्या व्यक्तींच्या उपयोगाचे असल्याने स्वीकारता येत नाही. मास्तरांनी ते तीनदा वाचलं. फारच थोड्या व्यक्ती म्हणजे ते एकटेच. कंपनी खोटं बोलत नव्हती, याचाच त्यांना जास्त राग आला.

मग दर रविवारी मुलगी दोन तास बसने यायची, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायची आणि बापाला आठवडाभराचं बोलणं भरून द्यायची. मास्तर समोर बसून राहायचे. आपलाच आवाज, आपलाच फोन, आणि दर आठवड्याला परवानगी मात्र कोणा परक्याची, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आता कोणी म्हणेल, दुसरा फोन का घेतला नाही? अहो, आजाराच्या आधी होता की दुसरा! त्याला ना कडी ना कुलूप, कुठूनही काहीही घाला, कोणी विचारणार नाही. एके दिवशी त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं आली, तुमच्या फोनमध्ये चाळीस व्हायरस आहेत. मास्तर घाबरले आणि समोर दिसलं ते सफाईचं ॲप घेऊन मोकळे झाले. तासाभरात त्यांच्या नावाने पन्नासएक विद्यार्थिनींना असले मेसेज गेले, की ते इथे सांगायची सोय नाही. दोघी तर नवऱ्यांना घेऊन दारात आल्या. मास्तरांनी घरोघर जाऊन माफी मागितली. तोवर मान वर करून चालणारा माणूस, सहा महिने खाली बघून चालला. त्यानंतर मुलीने हा बंदिस्त फोन आणून दिला. "यात तुम्ही ठरवलंत तरी काही वेडंवाकडं घालता येणार नाही," ती म्हणाली होती. तेव्हा मास्तरांना हायसं वाटलं होतं. म्हणजे पिंजऱ्यात ते आपल्या पायांनी चालत गेले होते.

एका रविवारी मुलीचं ऑफिसचं काम निघालं. "बुधवारी येते," तिने कळवलं. सोमवारी मास्तर एका नर्सबाईंना पुलाचा चढ शिकवत होते. पन्नाशीच्या बाई, आधीच धास्तावलेल्या. ऐन चढावर गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली. मास्तरांनी 'हँडब्रेक ओढा'चं बटण दाबलं. पडद्यावर आलं, हे ॲप आता उपलब्ध नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

मास्तरांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक होता, म्हणून गाडी थांबली. बाई मात्र थांबल्या नाहीत. स्टिअरिंग सोडून त्या रडायलाच लागल्या. मागून हॉर्नचा गोंगाट. "सर, काहीतरी बोला ना!" मास्तरांनी डॅशबोर्डवर मूठ आपटली. बाईंना वाटलं, राग आपल्यावरच. "चुकलं सर, चुकलं," त्या म्हणत राहिल्या. 'घाबरू नका, मी बसलोय ना' हे वाक्य त्या काचेखालीच होतं, त्यांच्याच आवाजात, बोटभर अंतरावर, आणि ते बाहेर काढता येत नव्हतं. बाई त्यानंतर शिकायला आल्या नाहीत.

बुधवारी मुलगी आली. चार्जर शोधताना मास्तरांच्या हाती तिच्या पिशवीतलं एक पत्र लागलं. परदेशातली जागा, मोठं पद. त्यांनी पत्र तिच्यापुढे धरलं. "दोनदा नाही म्हटलंय मी," ती म्हणाली, "दर रविवारी तिकडून कशी येणार?"

दुसऱ्याच दिवशी मास्तर बाजारात गेले आणि ज्या जातीच्या फोनने अब्रू घालवली होती, त्याच जातीचा फोन घेऊन आले. पाटीवर लिहिलं, 'यात दुसरं काहीही घालणार नाही. शपथ.' मुलीने पंधरवड्यात ॲप त्यासाठी नव्याने बनवलं. आठव्या दिवशी सकाळी मास्तरांनी धडधडत्या छातीने बटण दाबलं. "क्लच!" नवव्या दिवशीही तसंच, खणखणीत. आता कोणाची परवानगी नको होती. कोणी येण्याचीही गरज नव्हती, आणि हे मास्तरांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही.

"चालतोय ना नीट?" मुलीने शनिवारी विचारलं. मास्तरांनी उलट लिहून पाठवलं, 'मधेमधे अडकतो.' रविवारी ती आली. पुढच्या रविवारी आवाज तुटत होता म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी बटणंच दिसेनाशी झाली. सत्तावीस वर्षं लोकांना नियम शिकवलेला माणूस, पण रडीचा डाव खेळायला त्याला जराही लाज वाटली नाही. म्हणजे वाटली, पण रविवार सुटवेना.

या फोनमध्ये मात्र आत काय घडलं ते सगळं उघडून बघता येत होतं. तिसऱ्या रविवारी मुलीने तो लॅपटॉपला जोडला आणि बराच वेळ वाचत बसली.

"बाबा, तीन आठवड्यांत हे ॲप हजार वेळा उघडलंय. एकदाही बंद पडलेलं नाही."

मास्तर हात पुढे करून लॅपटॉप मिटू लागले.

"मी जाऊ नको का? तसं सरळ सांगा. तिकडे हो-नाही कळवायची उद्या शेवटची तारीख आहे."

पाटी हाताशीच होती, पण मास्तरांनी ती घेतली नाही. हात 'थांब' लिहून बसेल अशी भीती त्यांना वाटली. त्यांनी फोन ओढला आणि अगदी तळाचं बटण शोधलं. ते प्रत्येक शिकणाऱ्यासाठी एकदाच वापरायचं असे, शेवटच्या दिवशी.

"आता तुमचं तुम्ही जा. मी इथे उतरतो!"

खोलीत तो आवाज फार मोठा वाटला. मुलगी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मला अहोजाहो करताय?"

मास्तर दुसरं बटण शोधू लागले. वरून खाली, खालून वर. क्लच, ब्रेक, आरसा, हॉर्न, डावीकडे, उजवीकडे. सगळी वाक्यं शिकणाऱ्यांसाठीच. त्या पंधरा दिवसांत शेजारच्या सीटवर बसून त्यांचा शब्दन् शब्द टिपून घेणारी हीच पोरगी होती, आणि तिच्याशी म्हणून एक वाक्य बोलून ठेवावं हे त्यांना सुचलं नव्हतं. मुलगी त्यांच्या बोटाकडे बघत थांबली होती.