दोहातले माझे खोटे उपवास

सांताक्रूझच्या विमानतळावर बाकीच्यांच्या आया रडत होत्या. माझ्या आईने माझी बॅग उघडली. सगळ्यांसमोर वरच्या साड्या बाजूला सारून तिने साबुदाण्याची एक गलेलठ्ठ पिशवी आत कोंबली आणि म्हणाली, "वाळवंटात उपासाचं काही मिळायचं नाही." मग मला खांबाआड नेऊन हळूच, "आणि या वेळी दिवस राहिले, तर तीन महिने कुण्णाला सांगू नकोस. जावईबापूंना सोडून कुण्णाला नाही."

'या वेळी' म्हणताना तिचा आवाज उतरला. आदल्या वर्षी नाशकात मी दुसऱ्याच महिन्यात गल्लीभर पेढे वाटले होते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, याला काही कारण नसतं. आई म्हणाली, दृष्ट लागली. मला आईचं पटलं. कारणच नसण्यापेक्षा दृष्ट बरी, निदान ती टाळता तरी येते.

सत्तरच्या दशकाचा तो शेवट. माझा नवरा अनिल दोहात एका कंपनीत इंजिनियर होता. ज्या भागाला आता ओल्ड एअरपोर्ट म्हणतात, तिथे एका व्हिलाचे तुकडे पाडून केलेल्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या. तुमच्यापैकी जे मागे राहिले, त्यांना वाटायचं आम्ही सोन्यात लोळतोय. जे माझ्यासारखे गेले, त्यांना माहीत आहे की आम्ही कूलरसमोर लोळत होतो. मी तर लवकरच न्हाणीघराच्या फरशीवर लोळू लागले, कारण साऱ्या कतारमध्ये तेवढीच जागा गार होती.

मला दिवस राहिले होते.

पहाटे भूपाळीने माझा कार्यक्रम सुरू व्हायचा आणि भैरवी काही यायचीच नाही. नळाच्या पाण्याला वास येई, एसीला वास येई, अनिलच्या साबणाला येई. बिचारा नुसत्या पाण्याने आंघोळ करू लागला, तर मला अनिलचाच वास येऊ लागला. लिंबाचं लोणचं, आल्याचा रस, सुकी बिस्किटं, जे आत जाई ते आल्या पावली परत येई. शेवटी पाण्याचा घोटही राहीना. ओठ फुटले, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या.

आणि हे सगळं गुपचूप. मराठी घरं मोजून सहा. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कुणा एकाकडे सगळ्यांचं जेवण असे. तिथे ताटाकडे न बघता बसायचं तर सबब हवी. पहिल्याच शुक्रवारी लिमयेवहिनींनी विचारलं, "का गं, जेवत का नाहीस?" माझ्या तोंडून निघून गेलं, "उपास आहे."

मराठी बाईने उपास म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात. याहून पक्की सबब जगात नाही, असं मला वाटलं. पण उपासाचं म्हणून एक वेगळं ताट असतं, हे मी विसरले होते. वहिनी लगबगीने आत गेल्या आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. साबुदाणा माझ्याच आईचा होता. आल्या आल्या मीच मोठ्या मनाने सहा घरांत वाटला होता. तूप, जिरं, दाण्याचं कूट. तो वास नाकात शिरला आणि मी "निर्जळी आहे, निर्जळी" म्हणत पदर तोंडाला लावून उठले.

त्यातच श्रावण लागला. म्हणजे सोमवार झाला, मंगळवार झाला, शनिवार झाला, सबबींची चंगळ. त्या वर्षी रमजानही त्याच सुमारास आला होता, त्यामुळे दिवसा सगळं गाव उपाशी आणि मी त्यात सहज खपून गेले. माझ्या भक्तीची कीर्ती दोहाभर पसरली. लिमयेवहिनी आपल्या सुनेला म्हणाल्या म्हणे, "हिच्याकडून शिक जरा."

इकडे डॉक्टरीणबाईंनी मला तपासून अनिलला बाहेर नेलं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आठवडाभरात पोटात काही टिकलं नाही, तर हॉस्पिटलात सलाईन लावायचं, आणि तरीही जमलं नाही तर मला नाशिकला पाठवायचं. "तिकिटाची चौकशी केलीय," तो म्हणाला. विमानात काय होईल, आणि रिकाम्या पोटाने मी पुन्हा त्याच गल्लीत उतरले तर काय, एवढंच डोक्यात होतं. त्या दुपारी फरशीवर गाल टेकून मी त्या इवल्याशा जिवाशी पहिल्यांदा बोलले. म्हटलं, माझ्या पोटात काहीच टिकत नाही. तू तरी टिक.

सोमवारी संध्याकाळी दार वाजलं. लिमयेवहिनी आणि आणखी तिघी, हातात डबे. "एवढे कडक सोमवार करतेस, एकटीने काय सोडायचे? आज तुझ्याकडेच सगळ्या जेवू." आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच कढईत, त्यांनी तुपात जिरं टाकलं.

मी कसंबसं न्हाणीघर गाठलं. बाहेरून वहिनी विचारत होत्या, "अगं, पित्त झालं का?" तेवढ्यात मशिदीत बांग झाली, आणि भिंतीपलीकडच्या हमीदाआपा धाडकन आत आल्या. आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या, देहाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. रोजा सोडायला तोंडात टाकलेला खजूर अजून गालातच होता, हातात झाकलेला वाडगा.

"पहिली ती कढई उतरवा," त्या म्हणाल्या.

"अहो, हिचा उपास सोडायचाय," वहिनी म्हणाल्या.

"कसला उपास? चार पोरं झाली मला. महिनाभर भिंतीतून हिचं ओकणं ऐकतेय. म्हटलं सांगेल, मग सांगेल. आज रोजा सोडताना आवाज ऐकला नि मला खजूर गिळवेना." मग न्हाणीघराच्या दाराशी येऊन माझ्याकडे बघत, "पोटुशीला आमच्यात रोजा माफ असतो गो. तुमचा देव काय एवढा कडक हाय?"

झालं. तीन महिने पुरे व्हायच्या आत चार जणींना कळलं. मला वाटलं, आता संपलं. मी रडायला लागले, आणि रडत रडत आईचं म्हणणं, ते पेढे, सगळं सांगून टाकलं. लिमयेवहिनींनी कढई उचलून अंगणात नेऊन ठेवली, खिडक्या उघडल्या आणि माझ्या शेजारी फरशीवर बसकण मारली. "कुणाला सांगणार नाही आम्ही," त्या म्हणाल्या. "आणि सांगायला इथे उरलंय कोण?"

आपांच्या वाडग्यात पेज होती. गार, मिठाची, आणि तीत लूमी चुरडलेलं. लूमी म्हणजे उन्हात वाळवून काळं झालेलं लिंबू, अरब लोक कालवणात घालतात. कोकम संपलं की आपांना तेच चाले. आमच्या नाशकात पेज तापकऱ्याला देतात आणि तोही नाक मुरडतो. आपांनी चमचा पुढे केला. "यल्ला, चल. एक घोट. मग गप पडून राहायचं."

पाच बायका माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. एवढा एकाग्र प्रेक्षक मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. एक घोट गेला. दुसरा गेला. बऱ्याच वेळाने आपांनी खजुराची बी थुंकली आणि म्हणाल्या, "खलास. राहिली."

तिकीट काढलं नाही. ओकाऱ्या पुढेही बरेच दिवस चालल्या, पण पेज राहत होती. त्या सहा घरांतलं कुणीतरी रोज येऊन बसत होतं, आणि भिंतीपलीकडे आपा फोडणी द्यायच्या आधी ओरडून सांगत, "खिडकी लाव गो." मुलगी दोहातच झाली. ती आता मला इंग्रजीत उपदेश करते.

आम्ही परतलो त्यालाही खूप वर्षं झाली. नाशकात बंगला आहे, जाड भिंती आहेत. परवा पोट बिघडलं, दोन दिवस काही राहीना. अनिल गावाला गेलेला. सवयीने मी दार उघडं ठेवून, जरा नाटकी, चांगली वरच्या पट्टीतली ओकारी काढून पाहिली. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

म्हणून आपांना फोन लावला. त्या आता मुलाकडे, दोहाबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद या गावी असतात, कानांनी कमी ऐकू येतं. मी नुसतं "आपा" म्हटलं.

"आवाज असा का गो तुझा?" त्या म्हणाल्या. "फोन ठेव. आधी तांदूळ धू."

मी फोन ठेवला आणि तांदूळ धुतले.