पावणेपाच फुटांचा परस

"विहिरीले इचारतो, मंग सांगतो."

काकांना काहीही विचारा, उत्तर हेच. आज नळ सुटणार का? पुतणीच्या लग्नाला येणार का? डोळ्यांचं ऑपरेशन कधी करणार? "विहिरीले इचारतो." ऐकणाऱ्याला ती गंमत वाटायची. काकांची ती गंमत नव्हती. पाणी उतरलेलं असताना गाव सोडायचं नाही, असा त्यांचा नेमच होता.

फुलसावंगीच्या पुढे एका लहान गावात ते ग्रामपंचायतीचे नळवाले होते. मोटर लावायची, बंद करायची, आळीपाळीने नळ सोडायचे, एवढंच त्यांचं काम. पण दर सोमवारी सकाळी मोटर लावण्याआधी ते दगड बांधलेली दोरी सार्वजनिक विहिरीत सोडायचे. दगड पाण्याला टेकला की दोरी चिमटीत पकडायची, वर ओढायची आणि दोन्ही हात ताणून मोजायची. या बोटापासून त्या बोटापर्यंत एक परस. आमच्याकडे विहिरीची खोली अशीच सांगतात. मग तो आकडा ते शाळेच्या वहीत टिपून ठेवायचे.

काका अगदी ठेंगणे. तयार शर्टाच्या बाह्या त्यांना दोनदा दुमडाव्या लागत. ते विहिरीवर वाकले की नळावरच्या बाया ओरडत, "काका, जपून! नाई तं दोरीसंग तुमीच जासान खाली."

"गेलो तं तळाचा ठाव तं लागन," काका मान वर न करता म्हणायचे.

त्या वह्यांवर गाव चालायचं. पाणी सात परसावर गेलं की नळ दिवसाआड. आठवर गेलं की तीन दिवसांआड. कोणी भांडायला आलंच तर काका वही पुढे करत. अशी एखादी वही आणि तिच्यामागचा असा एखादा माणूस तुम्हीही कुठे तरी पाहिला असेल.

मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. त्यात माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. पर्यावरण अभ्यासात ऑनर्सच्या शेवटच्या वर्षाला संशोधन प्रबंध लिहावा लागतो. विषय वाटताना आमच्या सरांनी दोघांना जंगल दिलं, कॉलेजची गाडीही दिली. मला विहिरी दिल्या आणि वर म्हणाले, "तुला घासाघीस येते. लोकांकडून माहिती काढशील." दहावीपासून मी दिग्रसच्या स्टँडजवळ जुने मोबाईल विकत होतो. माझी फी मीच भरली होती. त्या दिवशी सगळा वर्ग हसला आणि ते हसू मी मनात जपून ठेवलं.

काकांकडे गेलो तेव्हा मी मोबाईल विकायला बसल्यासारखाच बसलो. आधी वह्यांची किंमत पाडली. "काका, जुन्या वह्या, पेन्सिलीचे आकडे. याले कोन इचारते?"

"मंग तू काहून इचारून राह्यला, बापू?"

मी पैसे देऊ केले, तेव्हा ते हसले. शेवटी त्यांनीच सौदा ठरवला. वह्या घराबाहेर जाणार नाहीत. मी ओट्यावर बसून उतरवून घ्यायच्या आणि चहा काकू देतील. आठ वर्षांचे आकडे फुकटात मिळाले म्हणून मी होस्टेलवर फुशारकी मारली. पाच दिवस काकांच्या ओट्यावर बसून आकडे उतरवले आणि एका परसाचे सहा फूट धरून आलेख काढले. सहा कशाला? माझे हात पसरले की सहा फूट होतात म्हणून.

कॉलेजात सादरीकरण होतं. माझा आलेख पडद्यावर आला आणि सर पुढे झुकले. "विहीर किती खोल?"

"पंचेचाळीस फूट, सर."

"आणि मे महिन्यात पाणी चोपन्न फुटांवर?"

पुन्हा सगळा वर्ग हसला.

त्यानंतरच्या सोमवारी पहिल्या एसटीने मी गावात हजर झालो. काकांच्या वहीत त्या सकाळचा आकडा होता सात परस, म्हणजे माझ्या हिशेबाने बेचाळीस फूट. मी त्यांच्यासमोर टेप विहिरीत सोडला. पाणी तेहतीस फुटांवर.

मग मी ओरडलो. नळावर बाया होत्या, पारावर माणसं बसली होती. "नऊ फुटांचा फरक हाय! घरी बसून आकडे लिवता का? खोट्या वह्या करून लोकायले तहानेनं मारता? माझ्या वर्षाची माती केली तुमी!" आणखीही बोललो. ते इथे लिहिण्याची हिंमत नाही.

काका हातातल्या दोरीकडे बघत राहिले. "दोरी तं तेच हाय, बापू," एवढंच म्हणाले.

पारावर एक मोठा बागायतदार बसला होता. त्याला रोज पाणी हवं होतं आणि काकांच्या वहीपुढे त्याचं काही चालत नव्हतं. तो उठला. "ऐकलं का? कॉलेजातलं पोट्टं सांगून राह्यलं, वह्या खोट्या हायेत."

मी विजयी होऊन कॉलेजात परतलो. "सर, नोंदीच खोट्या आहेत."

सरांनी आकडे पाहिले. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. त्यांनी विचारलं, "परस कोणाचा?"

"म्हणजे?"

"पसरलेले हात कोणाचे होते?"

काकांच्या दुमडलेल्या बाह्या डोळ्यांपुढे आल्या.

आठ दिवसांनी टेप घेऊन परत गेलो. तोवर ग्रामपंचायतीने काकांकडून मोटरीच्या खोलीची किल्ली काढून घेतली होती. बागायतदाराचा भाचा नळ सोडत होता, रोज दोन वेळा. काका ओट्यावर रिकामे बसले होते. मी चाचरत सांगितलं की तुमचे हात मोजायचे आहेत. काही न विचारता ते उठले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि हात पसरले. तळवे उघडे, बोटं ताणलेली. मोजताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. चार फूट नऊ इंच.

सात गुणिले पावणेपाच. तेहतीस फूट तीन इंच. आठ वर्षांत त्या माणसाचा आकडा चुकलेला नव्हता.

"जमलं का तुझं?" काकांनी विचारलं.

"जमलं."

"बरं झालं. पोराचं वरीस वाचलं," ते काकूला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "येक काम कर, बापू. ग्रामसभेत येऊन हे सांग. किल्ली नाई देल्ली तरी चालते. पन वही खोटी नोती, एवढं सांग."

"प्रबंध देतो अन् येतो, काका."

"विहीर कुटं पयून चालली?" ते म्हणाले. "ये सावकाश."

प्रबंध दिला. पावणेपाचने गुणल्यावर आलेख असा देखणा उतरला की तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षक बाईंनीही कौतुक केलं. पद्धतीच्या प्रकरणात मी एक वाक्य लिहिलं: 'स्थानिक नोंदींतील त्रुटी दुरुस्त करून घेतल्या आहेत.' त्रुटी कोणाची, ते लिहिलं नाही. ऋणनिर्देशात प्राचार्य आले, सर आले, ग्रंथपाल आले, टायपिंग करणारा मित्रही आला.

श्रेणी माझ्या अपेक्षेपेक्षा एक पायरी खाली लागली. त्या पायरीसाठी मी दोन महिने भांडलो. अर्ज केले, सरांच्या टेबलावर हात आपटला, विद्यापीठात दोनदा जाऊन आलो. फुलसावंगीची एसटी मात्र मला एकदाही धरता आली नाही. दोन ग्रामसभा होऊन गेल्या. सरांनी अन्याय केला, असं मी आजही कोणालाही ठणकावून सांगेन. पण ते सांगायला लागलो की मध्येच जीभ अडखळते.

मोबाईलची काच बदलायला आलेल्या त्या गावच्या एका माणसाने मला सांगितलं. काका गेले. महिना झाला. अखेरपर्यंत विहिरीकडे फिरकले नाहीत म्हणे.

मग मी गेलो. प्रबंधाची काळ्या पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची प्रत घेऊन गेलो. रिकाम्या हाताने जायची लाज वाटली म्हणून नेली. काकूने चहा केला. प्रत हातात घेऊन तिने पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली. तिला वाचता येत नाही.

"यात त्यायचं नाव हाय का?"

"हाय," मी म्हणालो.

"वाच बरं."

मी पद्धतीचं प्रकरण उघडलं. ते वाक्य समोरच होतं. त्याच्यावर बोट ठेवून मी वाचलं, "या विहिरीच्या नोंदी काकांनी आठ वर्षं ठेवल्या. एकही सोमवार चुकवला नाही. प्रत्येक आकडा खरा आहे."

काकूने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "आनखी येक डाव वाच, बापू. सभेत मीच सांगतो. पाठ करून घेतो."

मी त्याच ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. "या गावच्या काकांनी... दर सोमवारी... आठ वर्षं मोजमाप केलं. त्यांच्या नोंदी बरोबर आहेत..."

माझ्यामागे पुटपुटणारी काकू थांबली. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पयल्या डावी असं नोतं," ती म्हणाली, आणि माझ्या पुढ्यातला कप उचलून आत गेली.