आडनाव फक्त मला ठाऊक होतं

हे मी कुणाला बोललेलो नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच म्हणा.

मी नांदेडला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. वर्गात येऊन जाऊन चार पोरं. म्हणून मोबाइलवर एक गट काढला — देव, मरण, न्याय, ज्याला जो प्रश्न पडेल तो त्यानं विचारावा. नियम एकच: टोपणनावानं लिहायचं, आडनाव सांगायचं नाही. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी काय विचारतो? आडनाव. मग ठरतं, तुमचं बोलणं किती मनावर घ्यायचं ते. मुदखेडच्या एकानं लिहिलं होतं, "आडनाव न्हाई म्हणजे इथं सोयरीक जमायची पंचाईत." लई हसलो होतो आम्ही.

गटात घेण्याआधी मी प्रत्येकाशी फोनवर बोलायचो. त्यामुळे खरी नावं एकट्या मला माहीत. 'वाटसरू' हा चाकूरचा, शाळेत गणित शिकवणारा. एकदा त्यानं आपणहून फोन केला. म्हणाला, "सर, इथं पहिल्यांदा लोक माझं म्हणणं ऐकायलेत. आडनाव न्हाई."

तर — एका रविवारी मी लांबलचक लिहिलं, की मी जात मानत नाही. वाहवा झाली. वाटसरूनं एवढंच विचारलं: जी गोष्ट तुम्हाला कधी आडवी आलीच नाही, ती न मानण्यासाठी तुम्ही काय सोडलं?

सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. आणि मी काय केलं? गटातल्या तिघांना खासगीत त्याचं आडनाव कळवलं. वर मखलाशी — जरा समजून घ्या त्यांना, असं. समजून घ्या! शिवी दिली असती तर निदान ती दिसली तरी असती.

तिघांकडून ते गटभर गेलं. कुणी वावगं बोललं नाही. फक्त त्याच्याशी वाद घालणं थांबलं. तो काळाविषयी लिहो, स्वप्नांविषयी लिहो — खाली उत्तर यायचं, "तुमची वेदना पोचली." माणूस विचार मांडतोय आणि लोक त्याचं सांत्वन करतायत.

मग त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"सर, आडनाव फक्त तुम्हाला ठाऊक होतं."

"आजकाल कुठूनही कळतं हो," मी म्हणालो.

"असंल," म्हणाला. त्याच संध्याकाळी तो गटातून निघून गेला.

पुढं लातूरला माझा सत्कार झाला — आडनावाशिवाय माणसं बोलती केली म्हणून. निवेदकानं माझं आडनाव दोनदा घेतलं, आदरानं. मी शाल पांघरून बसलो. तिथं बोलता आलं असतं ना? माइक हातातच होता.

गट अजून चालतो. नियमही तोच आहे. त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेलं नाही, आणि आडनाव मी फोडलं, हे त्याला किंवा गटाला सांगितलेलं नाही. ही दोन्ही देणी बाकी आहेत.