पुंडलिकनगरचा समुद्र

हसू नका, असं काही मी म्हणणार नाही. हसा बिनधास्त! फक्त एक गोष्ट आधी ऐकून ठेवा: मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. ते विसरलात, तर माझी फजिती केवढी झाली ते तुम्हाला कळायचंच नाही.

तर त्या वर्षी आमची रेणुका बाळंतपणाला माहेरी आली होती. नातू दीड महिन्याचा. एप्रिल लागलेला, आणि आपल्या संभाजीनगरचा उन्हाळा तुम्हाला मी काय वेगळा सांगू? पुंडलिकनगरात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हॉलमधून गॅलरीत जायला काचेचं सरकतं दार. ते सरकवलं की असं काही किंचाळायचं, की बाळ दचकून उठायचं आणि पुढचा तासभर घर डोक्यावर घ्यायचं.

बरं, दार न उघडून चालतंय होय? कपडे वाळत घालायला उघडा, कूलरमध्ये पाणी टाकायला उघडा, पोस्टमन आला का बघायला उघडा. शेवटची दोन कामं माझी.

सोमवारी रेणुकानं जाहीर केलं, "अप्पा, हे दार नीट नाही झालं तर मी रविवारी नाशिकला जाणार. सासूबाई बोलावतातच आहेत."

रविवारी! दोन महिने नातू मांडीवर खेळवायचा, असं मी मनात पक्कं ठरवलेलं. निवृत्त माणसाच्या हातात दुसरं असतं काय हो? वर्तमानपत्र आणि रक्तदाबाची गोळी.

आमच्या मंडळींचं माहेर पैठणचं. त्या मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ लावून आल्या. "अहो, हे बघा. ह्या बाई सांगायल्यात, समुद्राकाठच्या घरांत खाऱ्या हवेनं दाराची खालची चाकं खराब होतात म्हणं. आपल्याबी दाराला तसंच झालं असंल."

आता मला सांगा, भूगोलाच्या मास्तरानं यावर काय करावं? मी भिंतीवरच्या नकाशापाशी गेलो. हातात पट्टीसुद्धा घेतली!

"हा अरबी समुद्र. हे आपण. मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. ती खारी हवा काय घाट चढून, पुंडलिकनगर विचारत विचारत तिसऱ्या मजल्यावर येणार?"

"मला नकाशा दावू नका," मंडळी म्हणाल्या. "दार दावा कुणाला तरी."

पण नाही! मी शिलाई मशीनचं तेल आणलं आणि दार ज्यात सरकतं त्या खालच्या पट्टीत भरपूर सोडलं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्या तेलात रस्त्यावरची धूळ बसून काळा चिखल झाला. म्हणून मी बादलीभर बोअरचं पाणी ओतून पट्टी स्वच्छ धुऊन काढली. शुक्रवारी दार हलवायला दोन माणसं लागायला लागली. आणि आवाज? खालच्या कांबळेवहिनी वर येऊन विचारून गेल्या, "सर, घरात काही फोडायलात का?"

रेणुकानं बॅग काढली.

बॅग दिसल्यावर माझं डोकंच फिरलं. शनिवारी सकाळी मी सलीमभाईंना बोलावलं. आमच्या बिल्डिंगची सगळी सरकती दारं त्यांनीच बसवलेली. ते जिना चढून येतात न येतात, तोच मी दारातूनच सुरू झालो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज! "सलीमभाई, हलकी चाकं लावलीत तुम्ही! फसवलंत मला!"

आत बाळ उठलं. ते माझ्या आवाजानं, दाराच्या नव्हे.

सलीमभाईंनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली. "सर, माझा पोरगा तुमच्या हाताखाली शिकला. तुमच्या घरी मी हलका माल लावीन? खाली वहिनींचं दार त्याच दिवशी, त्याच खोक्यातले रोलर काढून बसवलंय. चला, बघू."

गेलो. वहिनींच्या दाराला सलीमभाईंनी एक बोट लावलं. दार गपगुमान टोकापर्यंत गेलं. कांबळेवहिनी म्हणाल्या, "आमी तर कधी तेलबी नाय टाकलं, सर."

"हवा दोन्ही मजल्याला एकच ना, सर?" सलीमभाईंनी विचारलं.

"एकच," मी म्हणालो. तेवढं उत्तर तरी बरोबर आलं.

वर येऊन आम्ही दोघांनी दार उचलून बाहेर काढलं. सलीमभाईंनी खालचं चाक काढून माझ्या हातावर ठेवलं. गंजलेलं, झिजलेलं, आणि वर पांढरी खपली.

"सर, ये तो नमक है. मी दोन साल कोकणात काम केलंय. समुंदरवाल्या घरांत रोलर असेच निघतात."

"अशक्य!" मी म्हणालो. आणि मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्या खपलीला बोट लावलं आणि बोट जिभेला लावलं. बायको, मुलगी, सलीमभाई आणि मागोमाग वर आलेल्या कांबळेवहिनी, सगळ्यांच्या देखत!

खारट. चक्क खारट!

 मंडळींनी कूलरकडे पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. कूलर दाराला चिकटून उभा होता, आणि त्याच्या कडेवरून पाणी टपटप खालच्या पट्टीत गळत होतं. पाणी कुठलं? आमच्या बोअरचं, खारट. ज्यात डाळ शिजत नाही, बादल्यांवर पांढरे थर चढतात, ते.

आणि कूलर तिथं ठेवला कुणी? मी. वाऱ्याची दिशा अभ्यासून! तीन उन्हाळे रोज सकाळ-संध्याकाळ तो भरला कुणी? मीच. तोही ओसंडून वाहीपर्यंत, कारण एक डोळा पेपरात. वर परवा बादलीभर ओतलं ते निराळंच.

"सर," सलीमभाई हळूच म्हणाले, "समुंदर तुम्हीच भरायले होते व्हय?"

मला खरंच लाज वाटली. भल्या माणसाला मी जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं बोललो होतो. "चुकलं माझं, सलीमभाई," मी म्हणालो. तेही सगळ्यांदेखत.

"हौ सर, होतं असं. पहिले तो कूलर हटवा."

कूलर गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. नवीन चाकं बसली. सलीमभाईंनी एका बोटानं दार लोटलं, एव्हाना परत झोपलेलं बाळ झोपलेलंच राहिलं, आणि रेणुकानं बॅग परत माळ्यावर टाकली. मे संपेपर्यंत राहिली ती. नातू दोन महिने माझ्या मांडीवर होता. मला आणखी काय पाहिजे होतं?

फक्त त्या दिवसापासून आमच्या घरात कूलरचं नाव पडलं समुद्र. "अप्पा, समुद्रात पाणी टाकलं का?" "अहो, समुद्र बंद करा, पोराला गारठा लागायलाय." मी ऐकून घेतो. करतो काय?

आता नातू साडेतीन वर्षांचा आहे, नाशिकला बालवाडीत जातो. दर उन्हाळ्यात इथं येतो आणि माझ्यासोबत समुद्र भरतो. परवा रेणुकाचा फोन आला. हसू आवरेना तिला. बाईंनी वर्गात चित्र दाखवून विचारलं, समुद्र कुठं असतो? कुणी मुंबई म्हणालं, कुणी गोवा. आमचा नातू ठामपणे उभा राहून म्हणाला, "माझ्या आजोबांच्या गॅलरीत. ते रोज बादलीनं भरतात."

बाईंनी रेणुकाला थांबवून घेतलं आणि काळजीनं सांगितलं, "बाळ हुशार आहे हो. पण घरात कुणाला येत असेल, तर त्याच्या आजोबांना जरा भूगोल शिकवा."