डाव्या हाताची ओळ

कापूस वेचताना एका बाईकडं एक पात असते, म्हणजे दोन ओळी. मधून चालायचं, उजव्या हातानं उजवी वेचायची, डाव्या हातानं डावी. परतूरकडच्या आमच्या रानात माझ्यापुढं कुणाची पात जात नसे. चाळिशी नुकतीच ओलांडली होती आणि माझा समज असा, की बाकीच्या बाया रानात माझी पाठ बघायलाच येतात.

धाकटी जाऊ शेजारच्या पातीत मागं असायची. एक दिवस ती म्हणाली, "बाई, ही डावीकडची बोंडं कुणासाठी ठेवून राह्यल्या?"

वळून पाहिलं तर उजवी ओळ साफ आणि डावीकडं जागोजाग पांढरं. माझ्याकडं उत्तर तयार होतं. "ती बांधाकडची ओळ हाय. सावलीची बोंडं. मी पुढं गेल्यावर उमलली."

"लईच लाजरी बोंडं म्हणायची," जाऊ म्हणाली. "मंग पुढच्या वेचणीला ह्याच पातीत त्या टोकाकडून शिरा."

पंधरा दिवसांनी मी ऐटीत त्या टोकाकडून शिरले. आता बांध उजव्या हाताला. पात संपली तेव्हा बांधाकडची ओळ चाटून-पुसून साफ होती. राहिली होती ती दुसरी, पुन्हा माझ्याच डाव्या हाताची.

माझ्या डोळ्यांची पहिली तपासणी ही अशी झाली, आणि तपासणारी बाई दुसरीतून शाळा सोडलेली.

तरी मी मानलं नाही. पदराची सुई काढली, एका दमात ओवून तिच्या नाकासमोर धरली. "आंधळीला हे जमतं का गं?" तिनं वाद घातला नाही. जालन्याची एसटी तेवढी धरायला लावली.

डोळ्यांच्या डॉक्टरांसमोरही मी सुई ओवून दाखवली. ते हसले नाहीत. डोळ्यात थेंब टाकून बारीक यंत्र टेकवलं, आतला दाब मोजला. मग म्हणाले, "बाई, हा काचबिंदू. ह्यात दुखत नाही, खुपत नाही. मधलं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, म्हणून सुई ओवता येते. कडेकडेनं नजर जाते. डाव्या डोळ्याची बरीच गेली, उजव्याची सुरुवात आहे."

माझ्या आईचा मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबून काढला होता. मी शहाणपणानं म्हटलं, "मंग पिकू द्या, सुगी झाल्यावर काढू."

"हा काढून टाकायचा नसतो. गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती राखायची. सकाळ-संध्याकाळ थेंब, कायमचे. आणि सख्ख्या भावंडांना, लेकरांना तपासायला आणा."

महिनाभर थेंब टाकले. डावी ओळ राहायची ती राहतच होती. थेंबानं काही वाढीव दिसेना, म्हणून औषध फुकट जातंय असं मी ठरवलं आणि बाटली कोनाड्यात ठेवून दिली. आहे ते राहिलं हाच औषधाचा गुण, एवढं कळण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती. वर्षभरानं डाव्या डोळ्याला दारातला उजेड तेवढा कळायचा.

त्यानंतर थेंब टाकायचं काम जावेनं स्वतःकडं घेतलं. रोज दोनदा माझी हनुवटी धरून मान मागं करायची आणि म्हणायची, "हालू नका, लाजरी बोंडं."

लेक दिवाळीला सासरहून, भोकरदनहून आली होती. तपासायचं नाव काढलं की म्हणायची, "आई, मला रस्त्यापलीकडच्या एसटीची पाटी वाचता येते. बिलकुल काही न्हाई मला." वर रानात जाऊन एक पात वेचून आली. दोन्ही ओळी साफ! मुद्दाम मला हात धरून दाखवायला नेलं.

जावेनं माझ्याकडं पाहिलं. आम्हा दोघींना ठाऊक होतं, ओळ राहायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो. साफ ओळीवर विसंबून कसं चालेल?

दुसऱ्या दिवशी मी कण्हत म्हटलं, "दवाखान्याच्या पायऱ्या दिसत न्हाईत गं, सोबत चल." पायऱ्या मला बराबर दिसत होत्या. जाऊही आमच्यासोबत निघाली. आत गेल्यावर डॉक्टरांच्या खुर्चीजवळ मी बाजूला सरकले आणि तिला खांदा दाबून बसवलं. "आधी हिला बघा."

लेक चिडली. डॉक्टरांनी दाब मोजला, पुन्हा मोजला, पडद्यावरचे दिवे दाखवून कडेची नजर तपासली. म्हणाले, "दाब वाढलाय. नजर अजून कुठंच गेली नाही. वेळेवर आणलंत."

येताना एसटीत तिनं तिघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "खोटं बोलून नेलंस."

"हो," मी म्हटलं. "तुझ्या डाव्या बाजूला कोण बसलंय?"

मान न वळवता ती म्हणाली, "काकू. तोंडाला पदर लावून हसून राह्यली."