करंजापुढचा नारळ

काल आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वृक्षारोपण झालं. चेअरमनसाहेबांनी कोपऱ्यातल्या खड्ड्यापाशी नारळ फोडला आणि ‘झाडं लावा, वीज वाचवा’ असा बॅनर धरून फोटो काढून घेतले. ओल्या खोबऱ्याचा वास आला आणि मी वीसेक वर्षं मागे, त्याच कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

तेव्हा तिथे करंज होता. पश्चिमेचं सगळं ऊन तो अंगावर घ्यायचा. त्याच्यामागे आमचं स्वयंपाकघर. भर मे महिन्यात आई दुपारी तिथे पदर अंथरून फरशीवर गाढ झोपायची. पण करंजाची फुलं याच साहेबांच्या नव्या गाडीवर पडायची, एवढाच त्याचा गुन्हा. कापायच्या आधी साहेबांनी बुंध्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, डोळे मिटून झाडाची माफी मागितली आणि करवतवाल्यांना म्हणाले, “हां, घ्या आता उरकून.” चेहरा असा, जणू झाडानेच होकार दिलाय! मग सगळ्यांना खोबरं वाटलं.

आईने हात पुढे केला नाही. म्हणाली, “झाडाची माफी मागितलीत ना, आता उन्हाचीही मागून बघा. ऐकतंय का ते.”

तेव्हा मला वाटलं, आई चारचौघांत उगाच तमाशा करते. आज पश्चिमेच्या त्या भिंतीवर प्रत्येक खिडकीला एसीचा डबा लटकतोय आणि कालचं रोप बरोबर त्यांच्या गरम वाऱ्यात लावलंय.

काल साहेबांनी खोबरं माझ्यापुढे धरलं. “घ्या हो, प्रसाद आहे.”

“माहितेय,” मी म्हटलं, “कापलंत तेव्हाही होता.”